लॅब वॉर्डापासून लांब नेऊ नका

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मेडिकल कॉलेजांच्या बातम्या हल्ली सारख्या वाचायला मिळतात, किती सीटा वाढल्या, किती मजली बिल्डिंग होणार वगैरे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर एकाच दिवशी आपल्या राज्यात १० नवीन सरकारी कॉलेजांचं उद्घाटन झालं, गडचिरोली, वाशिम, हिंगोलीलासुद्धा, आणि खरंच सांगते मला खूप आनंद झाला. पण मी वाचलेल्या बातम्यांत लॅबबद्दल एक ओळ नव्हती. म्हणून हे पत्र. मी ३१ वर्षं ब्लड बँकेत टेक्निशियन होते, आता रिटायर झालेय.

नव्वदच्या दशकातली एक रात्र अजून विसरले नाही. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव थांबत नव्हता अशी एक बाई आली, कार्डावर ग्रुप ओ पॉझिटिव्ह. मी ओ ची एक बॅग क्रॉसमॅचला (म्हणजे बॅगेतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का ते बघायला) लावली, गुठळ्या. दुसरी लावली, परत तेच, तिसरी पण तशीच, मला वाटलं माझाच हात चुकतोय. आमचे पॅथॉलॉजीचे सर क्वार्टरमधून घरच्या कपड्यांतच धावत आले, म्हणाले रिव्हर्स ग्रुपिंग लाव (यात पेशंटचं सीरम, म्हणजे रक्तातलं पाणी, ग्रुप माहीत असलेल्या रक्तपेशींवर घालून बघतात) आणि ओ सेल्स, म्हणजे ओ ग्रुपच्या पेशी, पण घाल. घातल्या, आणि त्या बाईच्या सीरमने ओ सेल्स पण घट्ट धरल्या. सर तिथूनच वॉर्डात गेले, नातेवाइकांना गोळा केलं, आईवडिलांचं लग्न नात्यातलं का ते विचारलं (होतं, मामाच्या मुलीशी), आणि भावंडांना तपासायला बोलावलं. तिच्या एका भावाचं रक्त जुळलं. बाई वाचली. दुसऱ्या दिवशी सॅम्पल थर्मासात बर्फ घालून आमचा शिपाई एसटीने परळला घेऊन गेला, उत्तर आलं, बॉम्बे ग्रुप.

हा ग्रुप सापडला कसा हे आजच्या मुलांना माहीत नसतं म्हणून सांगते. १९५२ साली मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमध्ये, म्हणजे केईएमच्या आवारातच, डॉ. भेंडे, डॉ. देशपांडे आणि डॉ. भाटिया यांच्यासमोर असेच पेशंट आले होते, एक रेल्वे अपघातात जखमी झालेला माणूस, एक चाकू लागलेला, आणि कुणाचंच रक्त चालेना. "सॅम्पल खराब असेल" म्हणून फेकून दिलं असतं तर संपलं होतं. त्यांनी ते ठेवलं, परत परत तपासलं, लंडनला लिस्टर इन्स्टिट्यूटमधल्या रेस आणि सँगर या शास्त्रज्ञांपर्यंत नेलं आणि त्याच वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आणलं. ए आणि बी ज्याच्यावर तयार होतात तो एच नावाचा पायाच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो, म्हणून साध्या टेस्टमध्ये ते ओ दिसतात, पण ओ पेशींवर एच असतो आणि यांचं सीरम त्यालाच धरतं, म्हणून ओ रक्त दिलं तर जिवावर बेततं. पुढे १९५७ मध्ये त्याच आवारात ब्लड ग्रुप रेफरन्स सेंटर सुरू झालं, आज तीच राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी (रक्तगट आणि रक्ताच्या आजारांवर काम करणारी) संस्था आहे. आमच्या शिपायाचा थर्मास तिथेच गेला होता. म्हणजे वॉर्डातून लॅबमध्ये, लॅबमधून पेपरात, आणि चाळीस वर्षांनी परत एका आडगावच्या बाईच्या खाटेपर्यंत.

आता काय झालंय? माझ्या शेवटच्या काही वर्षांत मी बघितलं, एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) रक्तपेढी सोडून बहुतेक तपासण्या बाहेर ठेक्यावर दिल्या, सॅम्पल डब्यात घालून दुसऱ्या शहरात, रिपोर्ट मोबाइलवर पीडीएफ. वेळेवर येतात, छान टाइप केलेले असतात, पण विचित्र आकडा दिसला की ज्युनियर डॉक्टरने विचारायचं कुणाला? आधी ती पोरं जिना उतरून आमच्याकडे यायची, मावशी ही स्लाइड परत बघूया का म्हणायची. त्या "परत बघूया" मधूनच संशोधन सुरू होतं हो, दुसरं कुठून होणार.

थिसिसचं तसंच. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाखाली एमडी एमएस करणारं प्रत्येक मूल थिसिस लिहितं. कष्ट असतात त्यात, मी स्वतः त्यांची सॅम्पलं रात्री उशिरापर्यंत लावून दिलीत. पण मी बघितलेले बरेचसे विषय आधीच झालेले, फक्त गाव बदललेलं, बाइंडिंग झालं की कपाटात. वॉर्डात आठवडाभरापूर्वी जे कोडं पडलं ते थिसिस का होऊ नये?

आणि आपल्याला जमत नाही असं मुळीच नाही. ब्लड कॅन्सरवरची आपल्या देशात तयार झालेली पहिली कार-टी थेरपी (पेशंटच्याच रक्तातल्या पेशी लॅबमध्ये बदलून कॅन्सरशी लढायला परत देतात ती) पवईच्या आयआयटीतल्या लॅबने आणि टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मिळूनच उभी केली, जून २०२१ मध्ये खारघरला पहिल्या पेशंटला दिली, ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. पेशी पवईला तयार व्हायच्या आणि पेशंट खारघरला, पण दोन्हीकडची माणसं एकमेकांना रोज विचारत असणार, नाहीतर हे होतच नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. नव्या कॉलेजांत लॅब ठेक्यावर देऊ नका, पॅथॉलॉजी आणि मायक्रोबायोलॉजीच्या डॉक्टरांना आठवड्यातून एकदा तरी वॉर्डच्या राउंडला न्या, न जुळलेली सॅम्पलं साठवायला एक चांगला डीप फ्रीझर द्या, आणि टेक्निशियनच्या रिकाम्या जागा भरा कारण दोन माणसांचं काम एकटीने करताना कोडं दिसलं तरी थांबून बघायला वेळ कुणाला असतो. आणि तुमचे वार्ताहर पुढच्या वेळी नवीन कॉलेजच्या उद्घाटनाला जातील तेव्हा त्यांना ब्लड बँकेतही डोकवायला सांगा, आणि तिथे एवढंच विचारायला सांगा, रिव्हर्स ग्रुपिंग ओ सेल्ससकट रोज होतं का.

आपली एक वाचक,
निवृत्त लॅब टेक्निशियन, सातारा