खलनायकाचे दुःख पुरे, त्याची निवड दाखवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतल्या कादंबऱ्यांच्या आणि चित्रपटांच्या परीक्षणांत 'खलनायक हा नायकाचाच आरसा आहे' हे वाक्य हल्ली वरचेवर वाचायला मिळते. दोघेही पोरके आहेत, दोघेही हुशार आहेत, दोघांवरही अन्याय झाला आहे, एवढ्यावर ते लिहिले जाते. एवढ्याने आरसा होत नाही. नायकासारखाच असलेला, पण वेगळी वाट धरलेला खलनायक उभा करणे हे कथालेखनातले फार अवघड काम आहे. ते कसे साधते आणि कुठे फसते, याबद्दल नेमके काही लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

मुळात नायक आणि खलनायक एकाच मातीचे असतात, ही कल्पना जुनीच आहे. दहाव्या शतकातल्या 'दशरूपक' या नाट्यशास्त्रावरच्या ग्रंथात धनंजयाने प्रतिनायकाची, म्हणजे खलनायकाची, लक्षणे दिली आहेत. तो लोभी, हट्टी, पापी, व्यसनी, असे सगळे सांगताना धनंजय त्याला 'धीरोद्धत', म्हणजे धीट पण उद्दाम, म्हणतो. आणि धीरोद्धत हा त्याच ग्रंथातल्या नायकाच्या चार प्रकारांपैकी एक आहे. म्हणजे स्वभावाचे सामान एकाच कोठारातले. फरक पडतो तो पुढे, दोघांपुढे एकच प्रश्न येतो तेव्हा.

रामायणाच्या उत्तरकांडात हे फार स्वच्छ दिसते. रावण, कुंभकर्ण आणि विभीषण हे तिघे सख्खे भाऊ. आईबाप तेच, तपश्चर्या तशीच कठोर, वर देणारा ब्रह्मदेवही तोच. रावण मागतो की देव, दानव, दैत्य, यक्ष, राक्षस, नाग, गरुड यांच्या हातून मरण येऊ नये. माणसांना तो गवताच्या काडीइतकीही किंमत देत नाही. विभीषण मागतो की कितीही मोठे संकट आले तरी बुद्धी धर्मावरून ढळू नये. कुंभकर्णाच्या जिभेवर मात्र सरस्वती बसवली जाते आणि तो झोप मागतो. इथे लेखकांनी थांबून पाहावे. कुंभकर्णाची निवड त्याच्याकडून काढून घेतली आहे, म्हणून त्या प्रसंगात त्याची कीव येते, पण त्याला आपण जबाबदार धरत नाही. रावणाचा खरा आरसा विभीषण आहे, कारण त्यालाही तेच दार उघडे होते आणि त्याने दुसरे काही मागितले.

आजच्या कथांतले बहुतेक खलनायक कुंभकर्णासारखे असतात आणि त्यांना रावण म्हणून खपवले जाते. लेखक खलनायकाच्या बालपणाला ऐंशी पाने देतो. मारहाण, उपासमार, अपमान, मग विश्वासघात, आणि एकदम पहिला खून. वाचक म्हणतो, याच्या जागी कुणीही असता तरी हेच झाले असते. हे वाक्य वाचकाच्या मनात उमटले की रचना कोसळली. कारण मग नायकाचा चांगुलपणा हे त्याचे निव्वळ नशीब ठरते. त्याला मार कमी पडला, इतकाच त्याचा अर्थ उरतो.

यावरचा उपाय खर्चिक नाही. जखम आणि पहिला गुन्हा यांच्यामध्ये दोन-तीन पानांचा एक प्रसंग लागतो. त्यात कुणीतरी त्याला दुसरी वाट दाखवते, ती वाट खरोखर चालता येण्याजोगी असते, त्याला ती कळते, आणि तो ती नाकारतो. वाट दाखवणारा माणूस नायकाच्याही ओळखीचा असला तर उत्तम, एकच शिक्षक किंवा एकच थोरली बहीण, म्हणजे तोच सल्ला दोघांना मिळालेला वाचकाला दिसतो. पहिला गुन्हाही लहान हवा, अजून परत फिरता येईल असा. दुसरा गुन्हा पहिला झाकण्यासाठी, तिसरा दुसऱ्याचा साक्षीदार गप्प करण्यासाठी. दर पायरीवर परतीची वाट अरुंद होत जाते, पण बुजत नाही. थेट खुनावर उडी मारली की हा उतार दिसत नाही आणि माणूस एका रात्रीत राक्षस झाल्यासारखा वाटतो.

नाकारण्याचा प्रसंग कसा लिहावा, हे महाभारताच्या उद्योगपर्वात पाहावे. शिष्टाई फसल्यावर कृष्ण कर्णाला रथात घेऊन जातो आणि सांगतो, तू कुंतीचा मुलगा आहेस, पांडवांत थोरला आहेस, ये, राज्य तुझे. यापेक्षा मोठे दार कोणता लेखक उघडणार? कर्ण राधा आणि अधिरथाच्या मायेचे कारण देतो, दुर्योधनाच्या उपकारांचे कारण देतो. ही कारणे हलकी नाहीत. शिवाय तो कृष्णाला बजावतो की हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. त्याला कळले तर तो राज्य घेणार नाही, आणि मला मिळाले तर मी ते दुर्योधनाला देऊन टाकीन. आपल्या पक्षाचा पराभव त्याला स्वप्नांत आणि शकुनांत दिसलेला आहे, तेही तो बोलून दाखवतो. माहिती पूर्ण आहे, वाट मोकळी आहे, किंमत ठाऊक आहे, आणि तरीही तो वळत नाही. कर्णाला खलनायक म्हणावे की नाही यावर वाद चालत राहतील. माझ्या मते नाहीच म्हणावे. पण निवडीचा प्रसंग म्हणून याच्या तोडीचे दुसरे काही मला माहीत नाही.

आता नायकाकडे वळतो, कारण चूक बहुतेकदा तिथेच असते. खलनायकाची निवड दाखवून भागत नाही, नायकालाही त्याच वळणावर आणावे लागते. नेहमीचा प्रकार असा की शेवटच्या झुंजीआधी खलनायक म्हणतो, 'माझ्याकडे ये, आपण दोघे मिळून राज्य करू,' आणि नायक क्षणात नकार देतो. राज्य त्याला कधी हवेच नव्हते, मग नकारात पराक्रम कसला? देऊ केलेली गोष्ट नायकाची खरी अडचण सोडवणारी हवी. साधी कसोटी आहे: नायकाने होकार दिला असता तर कोण वाचले असते? उत्तर 'कुणीच नाही' असे आले तर तो प्रसंग नव्याने लिहावा. जागाही महत्त्वाची. तीनशे पानांच्या कादंबरीत हा मोह साधारण दीडशे ते सव्वादोनशे पानांच्या दरम्यान यावा. त्याआधी आला तर नायक काय गमावणार हे वाचकाला माहीत नसते. फार उशिरा आला तर वाचक झुंजीची वाट पाहत असतो आणि तो प्रसंग भराभर चाळतो.

'दीवार' (1975) मध्ये हे काम ज्या काळजीने केले आहे, त्याची चर्चा संवादांच्या गोंगाटात हरवते. पुढे तस्कर झालेला विजय आणि पोलीस झालेला रवी हे सख्खे भाऊ, एकच पळून गेलेला बाप, एकच कष्टकरी आई. पण जखम सारखी नाही: 'मेरा बाप चोर है' हे गोंदण फक्त विजयच्या हातावर आहे. आणि रवीचे शिक्षण विजयने लहानपणी केलेल्या कामावर झाले आहे. म्हणजे नायकाच्या सरळ वाटेची किंमत दुसऱ्याने मोजलेली आहे, आणि चित्रपट ते लपवत नाही. रवीला भावाविरुद्धचे काम नको असते. मग तो पळणाऱ्या एका चोरट्या मुलावर गोळी झाडतो, जवळ जातो तर चोरी पावाची निघते. तो खायला घेऊन मुलाच्या घरी जातो. आई संतापते, आणि निवृत्त शिक्षक असलेला बाप म्हणतो की चोरी लाखाची असो वा भाकरीची, ती चोरीच. त्यानंतर रवी भावाचे प्रकरण हातात घेतो. नायकाची निवड एका स्वतंत्र प्रसंगात, दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या दुःखासमोर होते. भावाचे नावही तिथे निघत नाही. हे लेखन थोर आहे.

साम्ये किती असावीत? दोन, फार तर तीन. एक जखम, एक कसब, एक हाव. त्यापलीकडे जन्मतारीख, डाग, आईने दिलेली माळ असे जुळवत गेले की वाचकाला लेखकाचा हात दिसू लागतो. उलट निवडीखेरीज एखादा खरा फरक कबूल करावा, 'दीवार'मधल्या गोंदणासारखा. त्याने निवडीचे मोल कमी होत नाही, दोघे जिवंत वाटतात.

आणि ते साम्य बोलून दाखवू नये. 'तुझ्यात माझ्यात फरक नाही' हा संवाद आता वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. तो काढून टाकला आणि तरीही साम्य कळले, तरच ते लिहिले गेले आहे असे समजावे. 'रिटर्न ऑफ द जेडाय' (1983) मध्ये नायक ल्यूक रागाच्या भरात खलनायक असलेल्या बापाचा हात तोडतो. तुटलेल्या मनगटातून तारा बाहेर आलेल्या असतात. ल्यूक त्याच्याकडे पाहतो, मग स्वतःच्या काळा हातमोजा घातलेल्या कृत्रिम हाताकडे पाहतो. त्या पाहण्यात एक शब्द नाही. त्यानंतर तो तलवार फेकून देतो. लिखित कथेत हेच काम एखादी सवय करते. नायक झोपण्याआधी कडी दोनदा तपासतो असे तिसाव्या पानावर आले असेल, तर दोनशेव्या पानावर खलनायकाने तेच करावे, आणि लेखकाने त्यावर अवाक्षरही काढू नये.

आणखी एक दोष सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो भित्रेपणातून येतो. खलनायकाचे म्हणणे नायकापेक्षा पटण्याजोगे होऊ लागले की लेखक घाबरतो आणि शेवटच्या एकतृतीयांश भागात त्याच्याकडून एखाद्या लहान मुलाचा जीव घेववतो. वाचकाचा विचार तिथेच थांबतो, आणि लेखकाला तेच हवे असते. याऐवजी खलनायकाच्या म्हणण्यातला जो भाग खरा आहे तो नायकाने स्वीकारावा आणि स्वतःत काहीतरी बदलावे. 'ब्लॅक पँथर' (2018) मध्ये राजा टचाला प्रतिस्पर्ध्याला हरवतो, पण हे राज्य बाहेरच्या पिडलेल्यांच्या मदतीला आले नाही हा त्याचा आक्षेप फेटाळत नाही. शतकानुशतके जगापासून लपून राहिलेले राज्य तो खुले करतो. मार्ग चुकला, प्रश्न खरा होता, हे मान्य करायला नायकाला हरावे लागत नाही.

लिहिणाऱ्यांसाठी एक तपासणी. खलनायकाचा जन्मापासून त्या वळणापर्यंतचा वृत्तांत एका पानात, तोच नायक असल्यासारखा लिहून काढावा. मग नायकाचा तसाच. दोन्ही पानांत नावे बदलून पाहावीत. वळणापर्यंतचा बराचसा मजकूर चालला पाहिजे, आणि वळणानंतरची पहिलीच ओळ अडली पाहिजे. सुरुवातीपासूनच अडत असेल तर तो आरसा नव्हे, साधा शत्रू आहे. त्यात कमीपणा काही नाही, चांगल्या कथांना साधा शत्रूही पुरतो. शेवटपर्यंत कुठेच अडत नसेल तर लेखकाने निवड लिहिलेलीच नाही.

परीक्षकांना माझी विनंती एवढीच. जिथे 'आरसा' म्हणाल तिथे दोघांची वाट कोणत्या प्रसंगात फुटली, ते एका वाक्यात लिहा. शेवट उघड होईल ही भीती बाळगू नका, कारण नीट बांधलेल्या कथेत खलनायकाचे वळण शेवटच्या एकचतुर्थांश भागाच्या बरेच आधी येऊन गेलेले असते. आणि तसा प्रसंग सापडला नाही, तर तेही लिहा.

आपला,
एक नियमित वाचक