आधी गटार, मग फरशी

माननीय संपादक,

पाऊस ओसरला की गोव्यातल्या पालिकांच्या निविदा निघू लागतात आणि त्यांत मुख्य बाजाराचे सुशोभीकरण हे काम ठरलेले असते. रंगीत पेव्हर ब्लॉक, नक्षीचे दिव्याचे खांब, चार बाकडी. पण बाजार ओस पडतो तो दिसायला वाईट म्हणून नव्हे. तिथे धड चालता येत नाही, दुकानासमोर पाच मिनिटे गाडी लावायला जागा मिळत नाही, आणि वरचे मजले रिकामे असल्याने दुकाने मिटली की रस्त्यावर माणूस उरत नाही. पैसा यावर खर्च व्हायला हवा, आणि त्याचा क्रम जमिनीखालून सुरू होतो.

गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. एवढे पाणी अंगावर न साचवता गटारात सोडायचे तर फुटपाथला मीटरमागे दोन सेंटीमीटर उतार लागतो. जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी बसवली की हा उतार मोडतो, फुटपाथ उंबऱ्याच्या पातळीला येतो आणि पाणी दुकानात शिरते. मग दुकानदार दारात सिमेंटचा बांध घालतो आणि म्हातारी माणसे त्याला ठेचकाळतात.

पेव्हर खचतात तेव्हा दोष बहुधा ब्लॉकचा नसतो. खाली घट्ट दाबलेला खडीचा थर, त्यावर २० ते ४० मिलिमीटर वाळू आणि दोन्ही कडांना पक्का कर्ब म्हणजे ब्लॉक धरून ठेवणारा काठ, ही त्याची बैठक. कर्ब नसला किंवा गटाराच्या भिंतीला फट राहिली की पावसात वाळू तिथून निसटते. ब्लॉक डुगडुगतो, पाय पडला की खालचे गढूळ पाणी पिचकारीसारखे कपड्यांवर उडते. नुसत्या चालण्यासाठी ६० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक पुरतो. मालाचा टेंपो चढणार असेल तिथे ८० मिलिमीटरचाच हवा.

गटारावरच्या लाद्या दोन माणसांना उचलता येतील अशाच असाव्यात. ६० बाय ४५ सेंटीमीटरची, साडेसात सेंटीमीटर जाडीची काँक्रीटची लादी साधारण ५० किलो भरते. त्याहून जड लादी कोणी उचलत नाही, म्हणजे मे महिन्यातली गाळ उपसणी कागदावरच होते. दर २५ मीटरवर गाळाची कुंडी हवी. हॉटेलांचे तेलकट पाणी या गटारात सोडूच नये, कारण त्याचा थर गाळाला चिकटून दगडासारखा होतो. काम चालू असतानाच रस्त्याखालून आडवे दोन रिकामे पाइप टाकून ठेवावेत. नाहीतर सहा महिन्यांत कुठली तरी केबल येते आणि नवा रस्ता पुन्हा फोडला जातो.

आता रुंदी. समजा दोन्ही बाजूंच्या दुकानांमध्ये १२ मीटर जागा आहे. एकदिशा वाहतूक ठेवली तर प्रत्येक बाजूला तीन मीटर फुटपाथ, एका कडेला दोन मीटर थांबण्याची पट्टी आणि चार मीटर रस्ता बसतो. अग्निशमन बंबाला वाट मिळावी म्हणून चार मीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा सांगितली आहे. फुटपाथच्या तीन मीटरमध्ये दुकानाशेजारी अर्धा मीटर माल बघणाऱ्यांसाठी आणि रस्त्याच्या कडेचे ७० सेंटीमीटर खांब, झाड, फलक यांच्यासाठी धरले की मधले १.८ मीटर उरतात. विजेचा एक बॉक्स चुकीच्या जागी बसला तरी हा हिशेब कोलमडतो. म्हणून बॉक्स, खांब आणि झाडे एकाच रेषेत हवीत.

थांबण्याच्या पट्टीवर गाडीला पाच मीटर लांबी लागते, म्हणजे चार मीटरच्या दुकानासमोर एकही गाडी पुरती मावत नाही. ती जागा सकाळी नऊपासून दुकानाच्याच माणसाने अडवली तर दिवसभरात निदान आठ-दहा गिऱ्हाइके परततात. पहिला अर्धा तास स्वस्त, पुढे दर तासाला चढता दर, हाच यावर उपाय. माल उतरवायला सकाळी नऊपूर्वीची वेळ आणि दुपारी दुकाने मिटतात ती वेळ ठरवून द्यावी. गोव्याच्या बाजारांना ही दुपारची सोय आयती मिळालेली आहे.

फुटपाथ मोकळा करायचा म्हटले की पहिली नजर जाते ती जमिनीवर बसणाऱ्या बायकांवर. मयड्याची केळी, हळदोण्याची मिरची घेऊन बसणारी ही माणसे म्हापशाच्या बाजाराचा प्राण आहेत. गिऱ्हाईक त्यांच्यासाठी येते आणि मग शेजारच्या दुकानात शिरते. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे हवेत, आणि सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही. १.२ मीटर चौरसाच्या जागा आखून, क्रमांक घालून द्याव्यात आणि सोपो, म्हणजे बाजारात बसण्याचा कर, फक्त त्या क्रमांकांवरच घ्यावा. बसेल त्याच्याकडून सोपो घेतला जातो तिथे वसुली वाढते आणि वाट अरुंद होत जाते.

सर्वांत अवघड प्रश्न वरच्या मजल्यांचा. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखालच्या जुन्या इमारतींत भाडे इतके तुटपुंजे, की मालक छपराला हात लावत नाही, आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घरावर खर्च का करील? एक मंगळुरी कौल सरकते, पाणी वाशावर पडत राहते आणि काही पावसाळ्यांत छप्पर बसते. कोणी दुरुस्ती केलीच तर चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारतात. त्यातून ओल बाहेर पडत नाही आणि गिलावा पापुद्रे धरून सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा हवा. खाली दुकान, वर राहते घर, अशी इमारत दुरुस्त करणाऱ्याला नव्या इमारतीसारखी पार्किंगची अट लावू नये आणि घरपट्टीत काही वर्षे सूट द्यावी. वरच्या खिडकीत दिवा लागला की खालचा रस्ता आपोआप सुरक्षित होतो. हे काम पेव्हरपेक्षा मोलाचे आहे, पण त्याचे उद्घाटन करता येत नाही.

एकदिशा वाहतुकीची चाचणी आधी पांढरा रंग आणि पिंपे मांडून घ्यावी. म्हापशात ती शुक्रवारी, आठवडी बाजाराच्या दिवशीच घ्यावी, आणि गणेशचवथीपूर्वी माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांचा, बाजार भरतो तेव्हा पुन्हा एकदा. रस्त्याचा आडवा छेद दाखवणारा नकाशा निविदेपूर्वी बाजारातच लावावा, मापे मराठी-कोकणीत लिहून. कंत्राटदाराचे शेवटचे बिल मात्र एक पुरा पावसाळा गेल्यावर, लाद्या उचलून आणि ब्लॉक पायाखाली दाबून पाहिल्यावरच चुकते करावे.

– नगररचना क्षेत्रातील एक वाचक, बार्देश