भर दुपारचा चकवा

राजारामपुरी, कोल्हापूर

प्रिय भावा,

सप्रेम नमस्कार.

ट्रेलर जोडून झाला. फोनवर हे सगळं मावणार नाही, आणि तुझ्याकडे एक कामही आहे, म्हणून सविस्तर लिहितोय.

कॉलेजचा प्रकल्प तुला माहीत आहे. दीड मिनिटाचा भयपटाचा ट्रेलर करायचा. सिनेमा नाही, नुसता ट्रेलर. अट अशी की भयपटाचे ठरलेले संकेत वापरायचे आणि त्यातला एखादा विचारपूर्वक मोडायचा. पहिल्या बैठकीत फळ्यावर काय काय आलं ते तू न बघताच सांगशील. पडका वाडा, अमावास्या, करकरणारं दार, पांढरी साडी, मोकळे केस, शेवटी कॅमेऱ्यावर झेप. पांढऱ्या साडीपाशी आलो आणि आमच्या गटातली मुख्य काम करणारी मुलगी म्हणाली, "मी भूत होणार नाही." आम्हाला वाटलं मेकअपचा कंटाळा असेल. तसं नव्हतं. तिनं विचारलं, हडळ कोण होते? बाळंतपणात गेलेली बाई. जखीण कोण? सवाष्णपणी मेलेली. जिचं आधीच वाईट झालं, तिलाच मेल्यावर परत सगळ्यांनी घाबरायचं का?

बैठकीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. मला तर त्या रात्री झोप लागली नाही. लहानपणापासून ऐकलेल्या भुतांच्या गोष्टी एकेक आठवत गेल्या आणि प्रत्येकीत मला आधी एक मेलेली बाई दिसायला लागली. संकेत मोडायचा तर हाच मोडायचा, हे माझ्या मनात तेव्हाच पक्कं झालं.

पण सगळेच संकेत मोडून चालत नाही, भावा. आमच्या गटात दोघंजण सगळेच मोडायच्या मताचे होते, आणि त्यांच्याशी मी लै भांडलो. ट्रेलर बघणाऱ्याला पहिल्या काही सेकंदांत कळलं पाहिजे की आपल्याला कशाला बोलावलंय. दीड मिनिटात ओळख करून द्यायला वेळ कुठला? ते काम संकेत करतात. म्हणून काळा पडदा ठेवला, खालच्या पट्टीतला सलग घुमणारा सूर ठेवला, मधे मधे येणाऱ्या पांढऱ्या अक्षरांच्या पाट्या ठेवल्या, आणि हळूहळू आखूड होत जाणारे शॉटही ठेवले. प्रेक्षक एकदा निवांत झाला, हे आपल्या ओळखीचं आहे असं त्याला वाटलं, की मगच त्याच्या पायाखालची फळी काढता येते. हिचकॉकनं १९६० साली 'सायको'च्या ट्रेलरमध्ये सिनेमा जवळजवळ दाखवलाच नाही. तो स्वतःच वाटाड्यासारखा त्या मोटेलात आणि घरात फिरून माहिती देत राहतो, आणि किंकाळी येते ती अगदी शेवटी, न्हाणीघराचा पडदा ओढल्यावर. कुब्रिकनं 'द शायनिंग'च्या टीझरला एकच स्थिर शॉट दिला: लिफ्टची दारं आणि त्यातून लोटणारं रक्त. माणूस एकही नाही. दोघांनी मोडलं बरंच, पण भीती काय आहे ते सांगायचं सोडलं नाही.

मग भूत कोण? मी चकवा सुचवला. चकव्याला तोंड नाही, केस नाहीत, साडी नाही. तो कुणाच्या मरणातून येतो असं मी तरी कधी ऐकलं नाही. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो, एवढंच. आणि आपल्याकडं चकव्याला उसाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

वडणग्याकडच्या एका आडसाली, म्हणजे दीडेक वर्ष रानात उभ्या राहणाऱ्या, उसाच्या फडात चित्रीकरण केलं. तोड सुरू व्हायच्या आत उरकायचं होतं, एकदा कोयता लागला की सगळं रान मोकळं. वेळ निवडली भर दुपारची. रात्र घेतली असती तर दिवे लागले असते, पैसे लागले असते, हे खरंच. पण दुपार आम्ही हट्टानं घेतली. दुपारी उसाच्या सरीत उभा राहून बघ. वर लख्ख ऊन असतं आणि चार हातांपलीकडचं दिसत नाही. पाल्यातून ऊन पट्ट्यापट्ट्यांनी पडतं, चेहरा अर्धा उजळ, अर्धा काळा. मोबाईलचा कॅमेरा त्या उन्हानं सारखा गोंधळायचा, म्हणून एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, चेहऱ्यावर लॉक केलं आणि मागचं ऊन जळू दिलं. ते जळलेलं पांढरं पडद्यावर काळोखापेक्षा वाईट दिसतं. पाल्यानं सगळ्यांचे हात चिरले, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालूनसुद्धा.

गोष्ट एवढीच: ती वाट चुकते, खूण म्हणून ओढणीची चिंधी फाडून उसाला गाठ मारते. पुढे जाते, परत तिथंच. गाठ आहे. पुन्हा जाते, पुन्हा तिथंच. आता गाठी दोन आहेत, दुसरी तिनं मारलेली नाही. मग तीन.

आवाजाबद्दल तुला ऐकायलाच पाहिजे, कारण तुझा कान माझ्यापेक्षा चांगला. हाडं मोडल्याचा आवाज काढायला परदेशात सेलरीच्या काड्या मोडतात, आम्ही वाळकी चिपाडं मोडली. तो आवाज मात्र ट्रेलरात कुठल्याही हाडाला लावला नाही, फक्त तिच्या पावलांना लावला. आणि मोठी गोष्ट म्हणजे शांतता. शांतता आली की पुढे धाडकन काहीतरी येणार, हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. आम्ही सळसळ अचानक बंद केली, पाला मात्र हलतोच आहे, आणि धाडकन काही येतच नाही. वीस सेकंद एकच शॉट, आवाजाशिवाय. याला गटात फार विरोध झाला. मी अडून बसलो.

नाव येऊन गेल्यावर भयपटाच्या ट्रेलरला शेवटचा दणका असतो ना, तिथं आम्ही तिला बाहेर काढलं. डांबरी रस्ता, समोरून एसटी जाते, ती बाटलीतलं पाणी पिते, हसते. खांद्यावर ओढणी आहे. अख्खी, कुठंच फाटलेली नाही.

हे करताना मला सारखे बाबूराव पेंटर आठवत होते. १९२० साली याच गावात त्यांनी 'सैरंध्री' हा सिनेमा केला आणि त्यातला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरनं त्याला कात्री लावली. 'सिंहगड'च्या वेळी, १९२३ साली, रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम दिवे वापरले. त्या काळी ते स्वतः पोस्टर रंगवायचे, म्हणजे सिनेमाच्या आधी सिनेमाची ओढ लावायचं काम या गावाला नवीन नाही. कोल्हापुरात राहून पडक्या वाड्याची आयती भीती उसनी आणायची, हे माझ्या मनाला पटेना.

आता तुझं काम. ट्रेलरला निवेदन हवंय, आणि तो नेहमीचा भारदस्त पुरुषी आवाज मला नकोय. तुझ्या आजी चकवा लागला तर काय करायचं ते सांगतात, बघ: धावायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, जागेवर बसून उजाडायची वाट बघायची. ते त्यांच्याच तोंडून, चहा पिताना सांगतात तसं रेकॉर्ड करून पाठव. घाबरवायला सांगू नकोस त्यांना. पंखा बंद कर, मोबाईल त्यांच्यापासून हातभर अंतरावर ठेव, आणि मधे त्या थांबल्या तर थांबू दे, तू बोलू नकोस. त्यांना आधी नीट विचार, नाव द्यायचं की नाही तेही विचार. रविवारच्या आत मिळालं तर बरं, सोमवारी जमा करायचंय.

काका-काकूंना आणि आजींना नमस्कार सांग.

तुझाच,
मित्र