आधी कल्चर, मग अँटिबायोटिक

मा. संपादक,
स. न.

रक्तातला जंतुसंसर्ग रुग्णालयातच झाला आणि त्यातच रुग्ण दगावला, या नातेवाइकांच्या आरोपाची बातमी काल आपल्या अंकात वाचली. त्या कुटुंबाच्या दुःखाबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. पण रुग्ण आठवडाभर तापाने फणफणत होता आणि दाखल केला तेव्हाच त्याचं बीपी उतरलेलं होतं, हे तुमच्याच बातमीत आहे. मग जंतू रुग्णालयाने दिला, हे मथळ्यात ठोकून देण्याआधी वार्ताहराने एखाद्या डॉक्टरला फोन करायला नको होता? दाखल झाल्यापासून पहिल्या ४८ तासांत घेतलेल्या रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातला जंतू बाटलीत वाढवून तो कोणता आणि कोणत्या औषधाला दाद देतो हे ओळखणाऱ्या चाचणीत, जंतू सापडला, तर तो सहसा बाहेरूनच आलेला धरतात. रुग्णालयांतून संसर्ग होतात आणि त्यांचा जाब विचारलाच पाहिजे. पण रक्तात जंतू म्हणजे आयसीयूची चूक, एवढंच लोकांच्या डोक्यात बसलं तर नळाच्या गढूळ पाण्यातून, अंगावर काढलेल्या लघवीच्या जळजळीतून, मधुमेह असलेल्यांच्या पायाच्या जखमेतून रक्तात शिरणाऱ्या जंतूंची चौकशी कोण करणार?

बाहेरून आलेल्या जंतूचा वेळीच शोध घेतला नाही तर काय होतं, ते आमच्या घराने भोगलंय. माझा पुतण्या शिकायला बाहेरगावी होता, मेसमध्ये जेवायचा. ताप आला. जवळच्या दवाखान्यात तिसऱ्याच दिवशी वायडल, म्हणजे टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची चाचणी, केली. त्या रिपोर्टचा कागद अजून माझ्याकडे आहे: चार ओळींचा तक्ता, एका ओळीपुढे १:१६० आणि खाली ठळक अक्षरांत 'पॉझिटिव्ह'. वायडल ही १८९६ सालची चाचणी. ती जंतू शोधत नाही, जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं मोजते. ती वाढायला बहुतेकदा आठवडा लागतो, आणि मलेरियात किंवा पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तरीही चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते. त्या कागदाच्या भरवशावर पोराला आधी एक गोळी, मग बदलून दुसरी, मग सलाइनमधून इंजेक्शन सुरू झालं. एवढ्या दिवसांत ब्लड कल्चरचं नाव कोणी काढलं नाही.

पुढे पोट फुगलं तेव्हा मोठ्या रुग्णालयात हलवला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी कल्चर पाठवलं होतं का?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो. त्यांनी हाताची कातडी जंतुनाशकाने पुसून, वाळू देऊन, दोन बाटल्यांत रक्त घेतलं. मोठ्या माणसाचं एका बाटलीला ८ ते १० मिलि लागतं. बाटलीत जंतू वाढला की त्याने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने तळाच्या चकतीचा रंग बदलतो आणि मशीन इशारा देतं. पाच दिवसांनी आमचा रिपोर्ट आला: वाढ नाही. टायफॉइडमध्ये कल्चर तसंही साधारण निम्म्याच रुग्णांत जंतू पकडतं. त्यात आधीच औषधं पोटात गेलेली. तोवर आतड्याला भोक पडून ऑपरेशन झालं होतं. पोरगा वाचला, वर्ष गेलं. पण त्याचा जंतू कोणत्या औषधाला दाद देत होता, हे आजतागायत कोणी सांगू शकलेलं नाही. आपल्या देशात टायफॉइडचे बहुतेक जंतू सिप्रोफ्लॉक्सॅसिनला जुमानत नाहीत आणि पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत २०१६पासून सेफ्ट्रिअॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. अशा काळात अंदाजाने औषधं बदलत बसणं जिवाशी खेळ आहे.

रुग्ण गंभीर असेल तर औषध तासाभरात सुरू झालंच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण रक्त घ्यायला पाचच मिनिटं लागतात! लहान दवाखान्यात कल्चरची सोय नसते हे मान्य. मग वायडलसाठी घेतलेलं रक्त जसं लॅबचा मुलगा येऊन घेऊन जातो, तशा कल्चरच्या बाटल्या का नेता येत नाहीत?

जाता जाता आणखी एक. आपल्या त्या बातमीच्याच पानावर खाली 'फीवर पॅकेज'ची पाव पानाची जाहिरात होती. सवलतीच्या दरात वायडल, मलेरिया, डेंग्यू. ब्लड कल्चरचा उल्लेखही नाही. वर मृत्यूची बातमी आणि खाली ही जाहिरात एकाच पानावर लावताना कुणालाच काही वाटलं नाही?

टायफॉइड टाळायला लसही आहे. नवी मुंबई महापालिकेने २०१८मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांसाठी टायफॉइडच्या तेव्हा नव्या असलेल्या कॉन्जुगेट (जंतूचा अंश प्रथिनाला जोडून बनवलेल्या) लशीची मोहीम राबवली. सरकारी यंत्रणेमार्फत ही लस देण्याची ती जगातली पहिली मोहीम. आपल्या वार्ताहराने आपल्या महापालिकेच्या आरोग्याधिकाऱ्यांना विचारावं की इथे ती कधी मिळणार, आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ब्लड कल्चरची सोय कुठे कुठे आहे. त्यांची उत्तरं जशीच्या तशी छापा.

आपला,
एक जुना वाचक, सांगली