हप्त्याला मदत म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कोरोनाकाळातल्या सरकारी मदतीवरचा लेख वाचला. भाषा छान, आकडेही ठळक. फक्त शेतकऱ्याच्या खात्यावर दोन हजारांची ‘मदत’ जमा झाली, इथपर्यंत आलो आणि हातातला चहा गार झाला.

अहो, तो पीएम किसानचा हप्ता होता! योजना २०१९ च्या फेब्रुवारीतली. वर्षाला सहा हजार, दर चार महिन्यांनी दोन हजार. एप्रिल ते जुलैचा हप्ता तसाही मिळणारच होता, तो एप्रिलच्या सुरुवातीला सोडला एवढंच. २६ मार्च २०२० ला १ लाख ७० हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्यात आम्हा ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांचे हे दोन हजारही धरले. एक तारखेचा पगार पंचवीसला हातात ठेवून मालकांनी बोनसचे पेढे वाटले, तर तुमच्या कचेरीतली मंडळी काय म्हणतील? बायकोच्या जनधन खात्यावर तीन महिने पाचशे-पाचशे आले, ते मात्र नवे होते. त्याला मदत म्हणा, माझी ना नाही.

माझी सव्वा एकर द्राक्षबाग. टाळेबंदी जाहीर झाली त्या रात्री माल तयार होता, दोन दिवसांवर तोड होती. व्यापाऱ्याने इसार दिलेला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद, पेट्या भरणारी पोरं गावाकडे निघून गेलेली. आठवड्यात घड पिवळे पडले, मणी गळून वेलीखाली चिखल झाला. शेवटी बेदाणा टाकायचं ठरवलं. मी, बायको आणि कॉलेज बंद म्हणून घरी आलेला पुतण्या, तिघांनी क्रेटच्या क्रेट डिपिंगच्या पाण्यात, म्हणजे द्राक्षं लवकर सुकावीत म्हणून कार्बोनेट आणि ऑइल मिसळलेल्या पाण्यात, बुडवून काढले. कार्बोनेटनं हातांची सालं निघाली. आलेले दोन हजार त्या कार्बोनेटला आणि ऑइललासुद्धा पुरले नाहीत.

तेही सहज मिळाले नाहीत. बँकेसमोर चुन्याची वर्तुळं आखलेली. सरकत सरकत पाचव्या वर्तुळात आलो आणि सर्व्हर डाऊन. परतताना नाक्यावर पोलिसांनी अडवलं, “कुठं फिरताय?” म्हटलं, “सरकारची मदत आणायला गेलतो.” साहेब हसले की चिडले, मास्कमुळे कळलं नाही.

आता विषय निघालाच आहे म्हणून. डिसेंबर २०१९ ला राज्य सरकारची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. आम्ही सोसायटीचं कर्ज वेळेवर फेडणारे, म्हणजे मूर्खच. आमच्यासाठी २०२० च्या राज्याच्या अर्थसंकल्पात ५० हजारांपर्यंतचं प्रोत्साहन बोलून दाखवलं. मग कोरोना आला, तिजोरीत खडखडाट म्हणाले. ते पैसे यायला २०२२ उजाडलं. गरज होती तेव्हा यादीच नव्हती. यावर आपल्या लेखकमहाशयांनी एक ओळ तरी खर्चायची होती.

आणि लेखाशेजारी भाताच्या खाचरात उभा राहून हसणारा तो शेतकरी कुठला हो? आमच्या तालुक्याचं नाव घालून फोटो छापलात म्हणून विचारतो. इथं भात ताटात बघायला मिळतो.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
तासगाव, जि. सांगली