बिस्कारोसहून दत्तास

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. तीन महिने पत्र नाही, माफ कर. तब्येत बरी. गुडघा तसाच.

समुद्र हाताशी असताना पाण्यावर उतरणाऱ्या विमानाला तळं कशाला, यावर तू किती भांडायचास! इथे फ्रान्समध्ये, बिस्कारोसला ये आणि बघ. अटलांटिकचा किनारा, मागे वाळूच्या टेकड्या, पाइनचं रान आणि मग गोड्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव. भरती-ओहोटी नाही, समुद्राच्या उसळत्या लाटा नाहीत. फ्रेंच विमान-कारखानदार लातेकोएरनं १९३०मध्ये अशा विमानांच्या तळासाठी हीच जागा धरली. तुलूजहून सुटे भाग रस्त्यानं आणायचे, इथे जोडायचे, पाण्यात सोडायचे. सहा इंजिनांचं, ५७ मीटर पंखांचं लातेकोएर ६३१ विमान इथूनच कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाला जायचं. १ ऑगस्ट १९४८ला त्यातलं एक ५२ माणसांसह अटलांटिकवर नाहीसं झालं आणि एअर फ्रान्सनं ती सेवा थांबवली. जुन्या तळावर आता संग्रहालय आहे. तिथे उभा असताना तुझंच विमान डोळ्यांपुढे येत होतं.

तू ते खाडीत ठेवणार म्हणतोस. मला मिठाची धास्ती वाटते. रोज गोड्या पाण्यानं धुवायचं, तेही नुसतं वरवर नाही: कंट्रोलच्या केबली, बिजागऱ्या, फ्लोटचे, म्हणजे विमानाला तरंगत ठेवणाऱ्या पोकळ तराफ्यांचे, जोड. अ‍ॅल्युमिनियमला स्टेनलेसचा बोल्ट लागला की खारं पाणी तिथे बॅटरी बनवतं आणि झिजतं अ‍ॅल्युमिनियम. जस्ताचे तुकडे लावतात ते त्याच्याऐवजी झिजायला.

उड्डाणाआधी फ्लोटचा प्रत्येक कप्पा उपस आणि पंप किती वेळा मारावा लागला ते मोजून वहीत लिही. एकाच कप्प्याचा आकडा वाढत गेला, तर तिथला रिव्हेट किंवा सील गेलं. मागच्या कप्प्यात पाणी साचलं की विमानाचा तोल मागे जातो. इथे तुझं ‘चालेल रे’ चालणार नाही, दत्त्या!

ब्रेक नाहीत, इंजिन लागताच विमान सरकतं. म्हणून पाण्यातलं सुकाणू आधी खाली, उड्डाणाला वर. वारा पडून पाणी आरशासारखं झालं की उंची कळतच नाही. तेव्हा किनाऱ्यालगत, त्याला समांतर, नाक किंचित वर, इंजिनला थोडी ताकद ठेवून मिनिटाला सुमारे १५० फुटांनी उतर, टेकेपर्यंत तसंच. अंदाजानं दांडा ओढलास तर उंचावरच वेग मरेल.

पोरीला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. नव्या घराचं पुढच्या पत्रात सविस्तर लिही.

आणि खाडीऐवजी धरणाच्या गोड्या पाण्यातली जागा अजून मिळत असेल तर तीच घे. खाडीच पक्की करणार असशील, तर आधी पूर्ण ओहोटीला होडीनं फिरून ये. भरतीत झाकले जाणारे जाळ्यांचे खुंट आणि वाळूचे दांडे नकाशावर मांडून मला पाठव.

तुझा,
वसंता