पॅनल आलं, आता शिकवायचं कसं?

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. लोकवर्गणीतून शाळेला बोटाने चालणारं मोठं टचचं पॅनल मिळालं, नारळ फुटला, पेपरात फोटो आला आणि आता ते चादरीखाली झाकलेलं आहे, कारण काच फुटली तर भरून कोण देणार! खूप हसलो. पण शेवटी तू विचारलंस ना, "यावर नेमकं शिकवायचं काय आणि कसं," त्याचं उत्तर मोबाइलवर दोन ओळींत देण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र. आधी ती चादर काढ. वस्तू फुटायच्या भीतीने नाही वापरली, तरी पाच-सात वर्षांत ती आपोआप जुनी होतेच.

आपल्या पिढीच्या मास्तरांची अडचण वेगळीच आहे बघ. एमएस-सीआयटी केलं ते वेतनवाढ अडकू नये म्हणून. तिथे मजकूर ठळक कसा करायचा ते शिकलो, पण कोणत्या पाठात संगणक आणायचा आणि कोणत्या पाठात कपाटातच ठेवायचा, हे कुणी सांगितलं नाही. पुढे पोरांची माहिती भरायचं सरल पोर्टल आलं, शाळेची माहिती भरायचं यू-डायस आलं, पोषण आहाराची रोजची नोंद आली. शाळेतलं तंत्रज्ञान म्हणजे माहिती भरणं, हेच डोक्यात बसलं. मध्यंतरी मी 'डिजिटल वर्ग' या विषयावरच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. तिथे साहेबांनी दिवसभर पडद्यावरच्या ओळी आम्हाला वाचून दाखवल्या. जेवण मात्र चांगलं होतं.

व्हिडिओपासून सुरुवात करू नकोस, एवढं माझं ऐक. व्हिडिओ लावला की वर्ग एकदम चिडीचूप होतो. तेवढ्यात कुणी भेटीला आलं तर शेरेबुकात छान शेरा पडतो. पण तो बंद करून विचार, "काय कळलं?" पोरं सांगतात, हत्ती होता, मग पाणी आलं. डोळे पडद्यावर होते, डोकं आपल्या जागी. शिवाय नेटवरून थेट लावलास तर ऐन पचनसंस्थेत भलतीच जाहिरात सुरू होते. लावायचाच असेल तर आधी उतरवून घे, दोन-तीन मिनिटांचा तुकडा दाखव आणि मध्येच थांबवून विचार, "आता पुढे काय होईल?"

मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: हे फळ्यावर होतं का? होत असेल तर खडू घ्यायचा. म्हणी, शुद्धलेखन, पाढे, उभी मांडणी, नकाशा भरणं यांना वीज लागत नाही. जे हलतं, जे डोळ्यांना दिसत नाही किंवा जे पुन्हा पुन्हा बदलून बघावं लागतं, तिथेच पडदा.

सहावीतला त्रिकोण घे. तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश. आपण वर्षानुवर्षं फळ्यावर एक त्रिकोण काढत आलो. दुसरा काढायचा तर पहिला पुसायला लागतो, म्हणून पोरांना वाटतं, गुरुजींच्या त्याच त्रिकोणात हे जमतं. यंदा आधी कागद घेतले. प्रत्येकाने आपापला त्रिकोण कापला, तिन्ही कोपरे फाडून पट्टीच्या कडेने शेजारी शेजारी लावले, सरळ रेघ झाली. कोनमापकाने मोजलं तर कुणाचे १७८, कुणाचे १८३. "गुरुजी, माजा कागूद वाकडा फाटला." बरं.

मग लॅपटॉपवर जिओजेब्रा उघडलं, म्हणजे आकृत्या काढून त्या ओढता-बदलता येणारं गणिताचं सॉफ्टवेअर. मार्कस होहेनवार्टर नावाच्या माणसाने ऑस्ट्रियात साल्झबर्गच्या विद्यापीठात शिकताना २००१ साली हे सुरू केलं. आपल्याला फुकट आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की नेट लागत नाही. एक त्रिकोण काढला, तिन्ही कोन आकड्यांत दिसायला लावले. माउसला हात लावायच्या आधी वह्यांमध्ये लिहायला सांगितलं: वरचं टोक आणखी वर ओढलं तर वरच्या कोनाचं काय होईल? बहुतेकांनी लिहिलं, वाढेल. त्रिकोण मोठा झाला म्हणजे कोनही मोठा, असा त्यांचा सरळ हिशोब. टोक वर सरकायला लागलं आणि कोन ४०, २५, १२ असा उतरत गेला. खालचे दोन मात्र नव्वदाकडे चढत होते. वर्गात गलका. मागच्या बाकावरची एक पोरगी, एरवी हजेरीपुरतीच बोलणारी, म्हणाली, "आता खाली न्या, पार तळापर्यंत." नेलं. वरचा कोन १५०, १७०, आणि शेवटी तिन्ही बिंदू एका रेघेत: १८०, ०, ०. "गुरुजी, त्रिकोण गेला, पण एकशेऐंशी हाय!" दत्ता, तुला सांगतो, फळ्यावर हे मला कधीच करता आलं नसतं.

खरी गंमत पुढे आहे. दशांशांचा गोंधळ नको म्हणून आकडे मी पूर्ण संख्येत ठेवले होते. एकाने टोक कुठेतरी सोडलं आणि पडद्यावर आलं ४७, ६२, ७०. बेरीज १७९. "कम्प्युटर चुकला!" सगळा वर्ग खूश. मग दशांश उघडून दाखवले: ४७.४, ६२.३, ७०.३. बेरीज बरोबर १८०. जवळच्या पूर्ण संख्येत लिहिताना तिन्हींचे शेपटाचे तुकडे गळाले होते. कोन राहिले बाजूला, आसन्न किंमत शिकवून झाली. तेव्हापासून पोरं पडद्यावरच्या आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवत नाहीत, आणि माझ्या मते संगणक वर्गात आणल्याचा हा सगळ्यात मोठा फायदा.

तुझ्याकडे विज्ञान आहे, म्हणून फेट पण सांगतो, म्हणजे पडद्यावर करून बघायचे विज्ञानाचे प्रयोग. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. वीमन म्हणजे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस, आणि पुढे शाळा-कॉलेजात शिकवायचं कसं, यामागे लागला. त्यातले बरेच प्रयोग मराठीत आहेत, फाइल उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतात. विद्युत परिपथाचा प्रयोग उघड. विद्युत घट, तार, दिवा जोडले की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. एखादा पोरगा घटाची दोन्ही टोकं नुसत्या तारेने जोडणारच. जोडू दे. पडद्यावर जाळ दिसतो, कुणाचा हात भाजत नाही. पण टॉर्चचा सेल आणि खरा दिवा आधी हातात दे, पडदा नंतर. दिवा हाताने एकदा लावला नसेल तर पडद्यावरचा परिपथ म्हणजे मोबाइलवरचा आणखी एक गेम.

पॅनलपुढे झुंबड उडणार. दांडगी पोरं पुढे घुसतात, पोरी मागे राहतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे: हात एकाचा, डोकं दुसऱ्याचं. ज्याचं बोट काचेवर, त्याने तोंड उघडायचं नाही. शेजारचा सांगेल तसंच करायचं, मग पाळी बदलायची. सुरुवातीला भांडणं होतात. होऊ देत.

क्यूआर कोडचं तू थट्टेने म्हणालास, पण त्याची थट्टा नको रे. पाठ्यपुस्तकांत हे कोड आणणाऱ्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं तेव्हा लोकांनी दहा लाख डॉलर लक्षात ठेवले, आणि अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटली तेही. पुस्तकातल्या कोडचा उपयोग मला आमच्या ऊसतोडीच्या पोरांमुळे कळला. दिवाळीच्या आसपास काही जण आईबापाबरोबर फडावर जातात, उन्हाळा लागल्यावर परततात. तिथून एकाच्या बापाने फोन करून विचारलं, "पुस्तकातलं ते चौकोनी उघडायचं कसं?" ते कोड ज्यात उघडतात ते सरकारी दीक्षा अॅप त्याला फोनवरच समजावून सांगितलं. फोन बापाच्या खिशात, रेंज टेकाडावर. म्हणजे शाळेची भरपाई त्यातून होते असं मी म्हणणार नाही, पण पाठ पुन्हा ऐकायला तरी मिळतो. वर्गात गुरुजी समोर असताना कोड स्कॅन करत बसण्यात मात्र मला अर्थ दिसत नाही.

आणि ज्याला काहीच खर्च नाही ते: फोनचा रेकॉर्डर. मराठीचा उतारा पोराला वाचायला सांग, रेकॉर्ड कर आणि त्याचं त्यालाच ऐकव. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं गिळून पळणारा आमचा एक गडी स्वतःचं वाचन ऐकून म्हणाला, "ह्यो कोण बोलतोय घाईत?" मी काही बोललो नाही. त्याने उतारा परत घेतला.

आता कटकटी. बिल थकलं की शाळेची वीज तुटते, हे तुला सांगायला नको. म्हणून पॅनलच्या तासाचा पाठ विजेशिवायही होईल असाच काढतो. वीज आली तर पडदा, नाही तर कागद नि कात्री. खिडकीतला उजेड काचेवर पडू देऊ नकोस, पॅनल खिडकीसमोर नको, बाजूच्या भिंतीवर घे. खडूची पूड लागू नये म्हणून फळा नि पॅनल यांत अंतर ठेव. वॉरंटीचं कार्ड आणि बिल हेडसरांच्या कपाटात नको, स्टॉक रजिस्टरलाच चिकटव. बदली झाली की कपाटातलं काही सापडत नाही.

दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवस इकडे ये. पेन ड्राइव्ह मोठा आण, जिओजेब्रा, फेट आणि मी बनवलेल्या चार-पाच फाइली भरून देतो. तोवर एकच पाठ निवड, जो दरवर्षी पोरांच्या डोक्यावरून जातो तोच, आणि मला कळव कुठला ते. अपूर्णांकच असणार, माझी पैज.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा. काकांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली का, तेही लिही.

तुझाच,
विलास